कामाची तरणी कुत्री : किंमत कशी ठरवावी, खरेदी कशी करावी



बैल घ्यायला निघालो तर आपण चार बाजार फिरतो, जाणता माणूस बरोबर घेतो, तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, मगच रुमालाखाली हात घालतो. म्हैस घेताना दोन वेळचं दूध स्वतः काढून बघतो. पण वस्तीवर राखणीला कुत्रं आणायचं म्हटलं की कुणाच्या तरी गोठ्यात झालेलं पिल्लू टोपलीत घालून आणतो, नाहीतर कुणी म्हणालं "जातिवंत आहे", की आकडा मोजून मोकळे होतो. रात्री उसाला पाणी द्यायला बापय माणूस शेतात असतो आणि वस्तीवर म्हातारी, सून आणि लेकरं असतात. त्यांची राखण ज्या जनावरावर सोडायची, त्याची पारख बैलापेक्षा कमी का करावी?

या पाठात दीड ते तीन वर्षांच्या, कामाला लागलेल्या कुत्रीबद्दल, म्हणजे तरण्या मादीबद्दल लिहितो आहे. सांगायचं मुख्य एवढंच की पिल्लाची किंमत आशेची असते आणि तरण्या कुत्रीची किंमत पुराव्याची असते. पुरावा बघितला नाही, तर आपण पैसे तरण्या कुत्रीचे मोजतो आणि घरी आणतो ती नुसती आशाच.

१. मी कसा फसलो

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगावी. २०१८ च्या गळीत हंगामाच्या तोंडावर एका बाजारातून मी नऊ हजाराला एक कुत्री आणली. उंच, तुकतुकीत, छाती भरलेली. विकणारा म्हणाला, "दीड वर्षाची हाय, राखणीला वाघीण हाय." बाजारात ती माझ्यावर दात काढून धावली, तेव्हा मला वाटलं, हीच पाहिजे. रात्रीची बघितली नाही, लेकरात बघितली नाही, लसीचा कागद मागितला नाही.

वस्तीच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या. आठव्या दिवशी त्यातली एक सहा-सात वर्षांची पोर घागर घेऊन आमच्या नळावर आली. कुत्री न भुंकता मागून गेली आणि पोरीची पोटरी धरली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुतली, पोरीला मोटारसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात नेली. लसीचे सगळे डोस पुरे होईपर्यंत त्या मायबापांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि माझ्याही. पोर बरी झाली. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "जनावर हाय, चावणारच की." खरं म्हणजे चूक माझीच होती. जी कुत्री उजेडी, बाजारात, मालकाच्या हाताशी उभ्या माणसावर उगाच धावते ती शूर नसते, बिथरलेली असते. आणि जी न भुंकता चावते ती राखणीची नव्हेच.

२. आधी काम ठरवा, मग कुत्री बघा

आपल्या भागात दोन तऱ्हेची कामाची कुत्री मिळतात.

पहिली कारवानी आणि मुधोळ जातीची. अंगानं शेलाटी, लांब तोंडाची, पोट आत ओढलेलं. मुधोळ हाउंडवर टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं आहे आणि मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे. ही कुत्री डोळ्यानं शिकार करणारी. उघड्या माळावर लांबचं हललेलं तिला दिसतं आणि ती वाऱ्यासारखी सुटते. पण आठ-दहा फूट उभ्या उसात डोळ्याचा उपयोग काय? सरीत शिरलेलं डुक्कर तिला दिसत नाही. शिवाय तिची कातडी पातळ असते, थंडीत आणि पाचटात ती टिकायला काळजी घ्यावी लागते.

दुसरी धनगरांच्या वाड्यावरची. हिला पुस्तकात फार मान नाही, पण कळपाशी बसून राहणं, नवं माणूस आलं की भुंकणं आणि वाडा न सोडणं हे तिच्या रक्तात आणि वळणात असतं. वस्तीवर आपल्याला पाहिजे ते हेच: हाक देणं आणि जागेला धरून राहणं. म्हणून ऊसवाल्याच्या वस्तीला माझं मत या दुसऱ्या तऱ्हेला आहे. उघडं रान, शेरडं-मेंढरं आणि मोकळी जागा असेल तर कारवानीचा विचार करावा.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रानडुक्कर, ससा, कोल्हा यांच्यावर कुत्री घालून शिकार करणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. राखण म्हणजे हुसकावणं, मारणं नव्हे. "ही डुकरं धरते" म्हणून कुणी जास्त पैसे सांगत असेल, तर ते पैसे देऊ नका.

३. मादीच का, आणि तरणीच का

नर गावातली कुत्री माजावर आली की दोन-दोन दिवस वस्ती सोडतो. मादी सहसा जागा सोडत नाही, लवकर जाणती होते आणि खायलाही थोडं कमी लागतं. तिची अडचण एकच, साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येणं. त्याचं पुढं सांगतो.

तरणी घेण्याचं कारण असं की दीड वर्षानंतर स्वभाव लपत नाही. पिल्लात भित्रं कोणतं, चावरं कोणतं, कोंबड्या मारणारं कोणतं हे देवालाच ठाऊक. तरण्या कुत्रीत ते डोळ्यानं बघता येतं, आणि कामाची पाच-सहा वर्षं अजून शिल्लक असतात.

४. वय ओळखणे

इथं बैलाचा हिशोब लावू नका. बैलाला आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला अशा पायऱ्या आहेत. कुत्र्याचे दुधाचे दात सातव्या महिन्यापर्यंत पडून सगळे ४२ पक्के दात आलेले असतात. तेव्हा दात मोजून वय कळत नाही, झीज बघावी लागते.

नव्या पुढच्या दातांच्या धारेला तीन बारीक पाकळ्या असतात. खालच्या मधल्या दोन दातांच्या पाकळ्या साधारण दीड-दोन वर्षांत झिजतात, मग शेजारच्या दोन दातांच्या. वरच्या दातांच्या पाकळ्या शाबूत, दात पांढरे आणि खालचे मधले किंचित सपाट, तर कुत्री तरणी समजावी. वरचेही सपाट झाले आणि सुळ्याच्या मुळाशी पिवळा थर बसला, तर "दीड वर्ष" म्हणणाऱ्याला हसून रामराम करावा. मात्र हाडं किंवा साखळी चावणाऱ्या कुत्रीचे दात लवकर झिजतात, हेही ध्यानात ठेवा.

सड बघा. न व्यालेल्या कुत्रीचे सड बारीक, पोटाला चिकटलेले असतात. लोंबते सड असून "अजून व्याली नाही" म्हणत असेल तर बाकीचं बोलणंही त्याच मापानं मोजा.

५. अंग तपासणे

* हिरडी गुलाबी पाहिजे. बोटानं दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत भरला पाहिजे. हिरडी फिकट असेल तर गोचिड ताप किंवा जंत असू शकतात.
* कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिड बघा. कोपर, कानाच्या कडा, डोळ्याभोवती केस गेले असतील तर खरूज. खरूज बरी होते, पण खर्च किमतीतून वजा करा.
* सपाट जमिनीवर दोराला धरून दुडक्या चालीनं पळवा. मान खाली-वर होत असेल तर कुठला तरी पाय दुखतो आहे.
* शेपटीखाली बघा. माज नसताना रक्ताचे थेंब येत असतील तर संसर्गाची गाठ असू शकते. ती कुत्र्यांच्या संगातून पसरते. उपचारानं बरी होते, पण आठवड्याला एक अशी बरीच इंजेक्शनं लागतात.
* माज होऊन महिना-दोन महिने झालेली कुत्री फार पाणी पीत असेल, सुस्त असेल, घाण वास येत असेल तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. हे जिवावरचं दुखणं आहे. अशी कुत्री घेऊ नका, आणि मालकाला लगेच दवाखाना दाखवायला सांगा.

६. काम तपासणे : खरा पुरावा

फसल्यानंतरच्या वर्षी मी एका धनगराच्या वाड्यावर गेलो. म्हाताऱ्या आबांना म्हटलं, "कुत्री दाखवा." ते म्हणाले, "पावणं, कुत्री बघायची असंल तर राच्च्याला या. दिवसा समदीच कुत्री चांगली असत्यात." माझ्या मते हा पाठ त्या एका वाक्यातच आला.

तीन वेळा जा.

*पहिली फेरी रात्री, न सांगता.* वाड्याच्या बाहेर शंभर पावलांवर थांबा. कुत्रीनं आधी भुंकलं पाहिजे, पुढं येऊन तुमच्या आणि कळपाच्या मधे उभं राहिलं पाहिजे, आणि मालकानं हटकलं की थांबलं पाहिजे. भुंकते, थोपवते, ऐकते, या तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. नुसती भुंकून मागं पळणारी चालेल एक वेळ, हाक तर देते. न भुंकता येणारी नको.

*दुसरी फेरी दिवसा.* कोंबड्या, करडं, कोकरं यांच्यात ती कशी वागते ते तासभर बसून बघा. घरातलं लेकरू तिच्या ताटलीजवळ गेलं तर काय करते? हे आपलं लेकरू पुढं ढकलून बघू नका, त्यांच्या घरात आपोआप काय घडतं ते बघा. ट्रॅक्टर, मोटारसायकल यांच्या आवाजानं ती पार दडून बसत असेल तर गळीत हंगामात तुमच्या वस्तीवर टिकणार नाही.

*तिसरी फेरी मालकाविना.* तिला दोराला धरून वाड्यापासून लांब न्या. थोडी अडेल, मागं बघेल, ते चांगलंच. पण पंधरा-वीस मिनिटांत तुमच्याकडं बघू लागली, पाणी प्यायली, तर ती नवं घर धरेल.

७. किमतीचा हिशोब

खालचे आकडे हिशोब समजण्यापुरते धरले आहेत. आपल्या गावचे भाव घालून आपला हिशोब आपण करावा.

*विकणाऱ्याची बाजू.* दोन महिन्यांचं पिल्लू २,५०० रुपये. वीस महिन्यांचं होईपर्यंत अठरा महिने खाणं, महिना ६०० प्रमाणे १०,८००. लसी, जंताचं औषध, दवाखाना २,४००. बेरीज १५,७००. यात त्याची मेहनत धरली नाही, आणि बिनकामाची निघाली म्हणून देऊन टाकलेली तिची भावंडंही धरली नाहीत. तेव्हा त्यानं १८,००० सांगितले तर तो लुटतो आहे असं नव्हे. उलट सगळे पुरावे असलेली कुत्री कुणी चार हजाराला देत असेल, तर का देतो आहे हे आधी शोधा.

*आपली बाजू.* किमतीला कामाच्या वर्षांनी भागा. साधारण आठव्या वर्षापर्यंत काम धरू. दोन वर्षांची कुत्री १८,००० ला घेतली तर सहा वर्षं काम, म्हणजे वर्षाला ३,००० पडले. सहा वर्षांची कुत्री ८,००० ला "स्वस्त" मिळाली तर दोन वर्षं काम, म्हणजे वर्षाला ४,००० पडले. स्वस्त ती महाग निघाली. खाणं दोघींना सारखंच लागणार आहे.

*कशाचे पैसे वजा करावेत :* लसीचा कागद नसणे, खरूज, गोचिड, हडकलेलं अंग. यांना ठरावीक खर्च आहे, तो दवाखान्यात विचारून तेवढाच कमी करा.

*कशाचे जादा पैसे देऊ नयेत :* रंग, कान, शेपटी, "राजाच्या घरची पैदास", आणि "गाभण आहे". गाभण कुत्री घेणं म्हणजे दोन महिने काम नाही, पुढं दोन महिने पिल्लांचं पाजणं, आणि पिल्लांचा बाप कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

*फुकटही नको :* लेकरावर धावलेली, शेरडू मारलेली, न भुंकता चावणारी. माझ्या नऊ हजाराच्या कुत्रीनं मला शिकवलं की अशा खोडीला वजाबाकी नसते.

८. माजाची गोष्ट

विकणाऱ्याला विचारा, शेवटचा माज कधी झाला? माज सुमारे तीन आठवडे चालतो. साधारण पहिले आठ-नऊ दिवस रक्त दिसतं पण ती नराला जवळ येऊ देत नाही, पुढच्या दिवसांत येऊ देते. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. तेव्हा गेल्या दोन महिन्यांत माज झाला असेल तर ती गाभण असू शकते. डॉक्टरांना दाखवा किंवा मुदत जाऊ द्या. कधी कधी गाभण नसतानाही माजानंतर दोनेक महिन्यांनी दूध उतरतं, कोपऱ्यात माती उकरून जागा करते. त्याला घाबरू नका.

पैदास करायची नसेल तर नसबंदी करून घ्यावी हे उत्तम. वर्षातून दोनदा गावची कुत्री वस्तीवर गोळा होत नाहीत, गाठीचं आणि गर्भाशयाचं दुखणं टळतं, आणि पावसात मरणारी पिल्लं आपल्या दारात होत नाहीत. पैदास करायचीच असेल तर दीड वर्षाच्या आत नको. २०१७ साली केंद्रानं केलेल्या नियमांप्रमाणे पैदास व विक्रीचा धंदा करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही.

९. बोलीचा कागद

तोंडी बोलीनं भांडणं होतात. साध्या कागदावर दोघांच्या सह्या व एक साक्षीदार घेऊन असं लिहावं:

"तांबूस रंगाची, अंदाजे दोन वर्षांची कुत्री रु. ........ ला ठरली. विसार रु. ........ दिला. कुत्री पंधरा दिवस घेणाराच्या वस्तीवर राहील. या मुदतीत ती माणसाला अगर जनावराला विनाकारण चावली, किंवा गाभण अगर आजारी निघाली, तर देणारा परत घेईल व विसार परत देईल. घेणाराच्या हयगयीनं इजा झाल्यास किंवा ती हरवल्यास जोखीम घेणाराची. शेवटचा माज ........ ला झाला. रेबीजची लस ........ ला टोचली."

आबांनी हा कागद बघून विचारलं, "आन् तुमी तिला उपाशी ठेवली तर?" म्हणून मी आणखी एक ओळ घातली: "घेणारा दोन वेळ खायला घालील." बोली दोन्ही बाजूंनी असावी.

१०. घरी आणल्यावर

पहिले दोन आठवडे मोकळी सोडू नका, ती जुन्या वाड्याच्या वाटेला लागेल. तिच्या अंगाखालचं जुनं पोतं बरोबर आणा. खायला एकाच माणसानं घालावं. रोज सकाळ-संध्याकाळ दोराला धरून बांधाबांधानं फिरवावं म्हणजे हद्द कळते. रेबीजची लस दर वर्षी टोचा, तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. खरेदी हंगामाच्या दोन महिने आधी करा, म्हणजे गाड्या आणि कोप्या येईपर्यंत ती रुळलेली असेल. मजूर आले की पहिल्याच दिवशी तिला दोराला धरून कोप्यांवर फिरवून आणा.

ज्यांच्याकडे बिबट्याचा वावर आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावं. जुन्नर, संगमनेर, अकोले भागात बिबट्या उसातच राहतो आणि वितो. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. उघड्यावर साखळीला बांधलेली कुत्री म्हणजे त्याला वाढलेलं ताट, आणि त्या ताटासाठी तो आपल्या दारापर्यंत येतो. अशा ठिकाणी रात्री कुत्री जाळी मारलेल्या बंद खोपटात ठेवा. तिचं काम झुंजायचं नाही, हाक द्यायचं आहे. ते काम ती आतूनही करते.

थोडक्यात

१. काम ठरवा, मग जात बघा.
२. वय झिजेवरून, स्वभाव रात्रीवरून.
३. किंमत भागिले कामाची वर्षं.
४. आजार वजा करा, चावरेपणा वजा करू नका. कुत्रीच सोडून द्या.
५. लसीचा कागद, माजाची तारीख, बोलीचा कागद.

आबांच्या वाड्यावरची ती कुत्री आज आमच्याकडे आहे. दर हंगामाला कोप्यांवरची लेकरं नळावर येतात, ती उठते, बघते आणि पुन्हा पाचटावर अंग टाकते. रात्री उसात काही खसखसलं की मात्र सगळी वस्ती जागी करते. राखणीच्या कुत्रीकडून याहून जास्त मागू नये, आणि याहून कमी असेल तर पैसे मोजू नयेत.

— एक ऊस उत्पादक सभासद